हिशेब लिहिला, पण वाचला नाही : ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटाचे प्रकरण

२०१२च्या मार्चअखेर कॅनडातील एडमंटन शहरात, बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात, चारशेच्या आसपास कपकेक येऊन पोहोचले. त्यांतील काहींवर लाल, काहींवर निळे आणि काहींवर हिरवे क्रीम होते. चव मात्र साऱ्यांची एकच, व्हॅनिलाची. ‘मास इफेक्ट ३’ खेळून संपवलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढून ते पाठवले होते, आणि त्यांचा निरोप कुणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. तुम्ही आम्हाला तीन रंगांचे तीन शेवट दिलेत, पण चाखून पाहिल्यावर तो एकच निघाला, असे त्यांना म्हणायचे होते. कंपनीने ते कपकेक शहरातील तरुणांसाठीच्या एका निवारागृहाला देऊन टाकले.

या प्रसंगाची आठवण अजूनही एक किस्सा म्हणून काढली जाते. मला त्यात किस्सा कमी आणि निदान जास्त दिसते. गेममध्ये खेळाडूला किती मोकळीक द्यायची आणि लेखकाने कथा किती बांधून ठेवायची, हा वाद या माध्यमाइतकाच जुना आहे. बहुतेक गेम या वादात कुठल्या तरी एका काठाला लागतात. ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांनी मात्र पाच वर्षे दोन्ही काठ धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत शिवण उसवली तेव्हा ती नेमकी कुठून उसवली हे स्पष्ट पाहता येते.

वचन काय होते

पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, दुसरा जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये. कमांडर शेपर्ड हे मध्यवर्ती पात्र. ते पुरुष असावे की स्त्री, त्याचा चेहरा कसा असावा, पूर्वायुष्य कोणते, हे खेळाडू ठरवतो. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतील प्रगत संस्कृती पुसून टाकणाऱ्या रीपर नावाच्या यंत्रांशी लढा हा कथेचा कणा आहे, आणि तो खेळाडूला बदलता येत नाही. रीपर येणारच, युद्ध होणारच.

खेळाडूच्या हातात उरते ते वाटेवरचे माणूसपण. कुणाला वाचवायचे, कुणावर विश्वास ठेवायचा, कुणाची समजूत घालायची आणि कुणावर पिस्तूल रोखायचे, हे त्याने ठरवायचे. विशेष म्हणजे पहिला भाग संपवल्यावर त्याची सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, दुसऱ्या भागात आणि दुसऱ्याची तिसऱ्यात नेता येत असे. २००७ मध्ये घेतलेला निर्णय २०१२ मध्ये समोर येऊन उभा राहील, हे या मालिकेचे वचन होते. तिसरा भाग येण्यापूर्वीच्या एका मुलाखतीत दिग्दर्शक केसी हडसन यांनी असेही सांगितले होते की, शेवट किती आहेत ते मोजता यावे किंवा आपल्याला अ, ब, क यांपैकी कोणता मिळाला ते सांगता यावे, अशा ठरावीक पठडीतला हा शेवट नसेल. पुढे ही मुलाखत चाहत्यांनी अक्षरशः पुरावा म्हणून समोर ठेवली.

निर्णयांच्या या हिशेबाची वही कशी चालत असे, ते पहिल्या भागातील व्हर्मायर ग्रहावरच्या प्रसंगात उत्तम दिसते. क्रोगन ही लढवय्यांची जमात. ‘जेनोफेज’ नावाच्या कृत्रिम रोगामुळे तिची बहुतेक बाळे जगतच नाहीत. व्हर्मायरवर शत्रूने या रोगावर उपाय शोधल्याचे कळते आणि तीच प्रयोगशाळा उडवून देण्याचे काम शेपर्डवर येते. सोबतचा क्रोगन साथीदार रेक्स उथळ पाण्यात उभा राहून शेपर्डवर बंदूक रोखतो. खेळाडूने आपले संवादकौशल्य आधी वाढवले असेल, किंवा रेक्सचे हरवलेले वडिलोपार्जित चिलखत आधी कष्ट घेऊन शोधून आणले असेल, तर तो ऐकतो. नाहीतर तिथेच त्याचा अंत होतो. चिलखत शोधण्याची ती मोहीम ऐच्छिक आहे. पुष्कळ खेळाडू ती ओलांडून पुढे जातात. तिचे मोल ज्या क्षणी कळते, त्या क्षणी मागे फिरायला वाट नसते. मोकळीक म्हणतात ती ही, असे मला पहिल्यांदा या प्रसंगात वाटले: केलेल्या एका लहानशा चांगल्या कामाची कुणीतरी नोंद ठेवली होती.

दुसऱ्या भागाच्या अखेरच्या मोहिमेने हेच तत्त्व टोकाला नेले. जहाजाचे चिलखत वाढवले नाही तर जॅक ही साथीदार मरते; चुकीच्या माणसाला चुकीचे काम दिले तर कुणीतरी मरतो; साथीदारांचे अडलेले प्रश्न सोडवले नसतील तर लढाईत त्यांचा पाय डळमळतो. पळवून नेलेल्या आपल्या जहाजावरील कर्मचाऱ्यांना सोडवायला उशीर केला, तर ते डोळ्यांदेखत विरघळून जातात. सगळे वाचू शकतात, आणि शेपर्डसह जवळजवळ सगळे मरूही शकतात. कथेचा निकाल एकच, शत्रूचा तळ पडणार. पण परत कोण आले, हे प्रत्येक खेळाडूचे वेगळे.

दुप्पट होत जाणाऱ्या फांद्या

इथे गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोनच पर्याय असलेले दहा निर्णय खेळाडूला दिले आणि प्रत्येकातून खरोखर स्वतंत्र कथा फुटू दिली, तर दहाव्या निर्णयाअखेर १,०२४ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतात. प्रत्येक कथेसाठी दृश्ये, हालचाली आणि ध्वनिमुद्रण लागते. शेपर्डचा प्रत्येक संवाद तर मार्क मीर आणि जेनिफर हेल या दोन आवाजांत दोनदा नोंदवावा लागतो. हे कुठल्याही कंपनीला पेलणारे नाही. म्हणून फांद्या फुटतात, थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात, पुन्हा फुटतात. खेळाडूला वाटेत फरक जाणवावा आणि तरीही सारे जण एकाच नाक्यावरून पुढे जावेत, अशी ही रचना असते.

तिसऱ्या भागात हे नाके कधीकधी फारच उघडे पडले. पहिल्या भागात रॅकनाय या कीटकसदृश जमातीची शेवटची राणी खेळाडूच्या ताब्यात येते आणि तिला सोडायचे की मारायचे हे त्याने ठरवायचे असते. संपूर्ण जमात नष्ट करण्याचा हा निर्णय आहे, आणि गेम तो तितक्याच गंभीरपणे मांडतो. तिसऱ्या भागात मात्र राणीला मारलेल्या खेळाडूसमोरही रीपरांनी बनवलेली एक कृत्रिम राणी येते आणि जवळपास तीच मोहीम खेळावी लागते. तसेच, आकाशगंगेच्या परिषदेवर मानवांचा पहिला प्रतिनिधी म्हणून अँडरसनला निवडले असले तरी तिसऱ्या भागात त्या खुर्चीवर उडिनाच बसलेला असतो. अशा ठिकाणी खेळाडूला फसवले गेल्यासारखे वाटते. तरीही बहुतेकांनी हे पोटात घातले, कारण त्याच भागात दोन प्रसंग असे होते की त्यांच्यासाठी इतर काहीही माफ करावे.

टुचांका आणि रॅनॉक

पहिला प्रसंग टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावरचा. जेनोफेजवरचा उपाय सर्वत्र पसरवण्यासाठी मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ कोसळत्या मनोऱ्यात वर जायला निघतो. याच मॉर्डिनने पूर्वी जेनोफेज अधिक घट्ट करण्याचे काम केलेले असते. ही गोष्ट खेळाडूला दुसऱ्या भागापासून ठाऊक आहे, आणि त्याच्याशी त्याने त्यावर वादही घातलेला आहे. आता तो म्हणतो की हे काम मलाच करायला हवे, दुसऱ्या कुणाकडून चूक झाली असती. लिफ्ट वर जाते, तो गुणगुणत राहतो आणि स्फोट होतो.

जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला मॉर्डिनचा हाच मृत्यू येतो. तो वाचावा असे वाटत असेल, तर त्यासाठी लागणारी परिस्थिती भयंकर आहे: पहिल्या भागात रेक्स मेलेला असावा लागतो, त्याच्या जागी त्याचा सूडखोर भाऊ रीव्ह नेता झालेला असावा लागतो, आणि दुसऱ्या भागात मॉर्डिनचा शिष्य मॅलन याचे उपायावरचे संशोधन नष्ट केल्यामुळे ईव्ह ही शहाणी क्रोगन स्त्री वाचलेली नसावी लागते. असे असेल तरच, क्रोगन बरे झाले तर पुन्हा युद्धे होतील हे मॉर्डिनला पटवता येते, आणि तो उपाय न पसरवता जिवंत निघून जातो. म्हणजे चांगल्या निर्णयांची सारी पुण्याई जमवलेल्या खेळाडूला मॉर्डिन गमवावाच लागतो. हा लेखकाने बांधलेला मृत्यू आहे; तरीही इथे आमचे स्वातंत्र्य हिरावले अशी ओरड माझ्या कानांवर कधी आली नाही, कारण तो मृत्यू खेळाडूच्याच कृतींच्या विटांनी रचलेला आहे. उलट, सॅलेरियन राज्यकर्तीच्या नादी लागून उपाय बिघडवायचे ठरवले, तर मनोऱ्याकडे निघालेल्या मॉर्डिनच्या पाठीत गोळी घालण्याची वेळ खेळाडूवर येऊ शकते. आणि रेक्स जिवंत असेल, तर सत्य कळल्यावर तो शेपर्डला जाब विचारायला येतो.

दुसरा प्रसंग रॅनॉकचा. क्वॉरियन लोकांनी गेथ नावाची यंत्रे बनवली, यंत्रे जागी झाली, धन्यांनी ती संपवायचा प्रयत्न केला आणि शेवटी धन्यांनाच घरदार सोडून पळावे लागले. तीनशे वर्षांनंतर दोघे पुन्हा समोरासमोर उभे आहेत. बहुतेक खेळाडूंना एकाला वाचवून दुसऱ्याचा संहार पाहावा लागतो. दोघांत समेट घडवायचा असेल, तर गेम पडद्याआड गुण मोजतो: दुसऱ्या भागात टाली या क्वॉरियन साथीदाराला हद्दपारीपासून वाचवले का, टाली आणि लीजन हा गेथ साथीदार यांचे भांडण मिटवले का, बंडखोर गेथांचे काय केले, तिसऱ्या भागात ॲडमिरल कोरिसला सोडवले का. किमान पाच गुण जमले आणि खेळाडूच्या शब्दाला पुरेसे वजन असेल, तरच क्वॉरियन ताफा गोळीबार थांबवतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे जमले नव्हते. दुसऱ्यांदा जमले, तेव्हा टाली तिच्या पूर्वजांच्या जमिनीवर उभी राहून तोंडावरचा मुखवटा काढते तो क्षण मी बराच वेळ थांबवून ठेवला होता.

यंत्र आणि माणूस यांच्यात समेट होऊ शकतो, हे या खेळाडूने आपल्या हातांनी सिद्ध केलेले असते. पुढचे सारे या एका वाक्यावर उभे आहे.

शेवटची दहा मिनिटे

जखमी शेपर्ड सिटाडेल या अवकाशस्थानकाच्या माथ्यावर पोहोचतो. तिथे एका लहान मुलाच्या रूपात ‘कॅटलिस्ट’ ही शक्ती प्रकट होते. या कॅटलिस्टशी खेळाडूचा यापूर्वी कधीच संवाद झालेला नाही. तो सांगतो की निर्मिलेली यंत्रे आपल्या निर्मात्यांवर उलटतातच, अखेर सर्व सजीव नष्ट होतील, म्हणून प्रगत संस्कृतींची वेळोवेळी कापणी करण्यासाठी रीपर बनवले गेले. आणि मग तीन वाटा दाखवतो: रीपरांचा नाश करणारी लाल, त्यांच्यावर नियंत्रण मिळवून देणारी निळी, आणि सजीव व यंत्र यांचे मीलन घडवणारी हिरवी.

आता रॅनॉकवर समेट घडवून आलेल्या खेळाडूची स्थिती पाहावी. यंत्रे उलटतातच, असे त्याला तोंडावर सांगितले जात आहे. गेथ आणि क्वॉरियन त्याच घटकेला वर आकाशात खांद्याला खांदा लावून रीपरांशी लढत आहेत. मूळ आवृत्तीत मात्र हा मुद्दा उच्चारण्यासाठी शेपर्डला एकही वाक्य दिलेले नव्हते. शंभर तास ज्याला प्रत्येक वळणावर बोलायला मिळाले, वाद घालायला मिळाला, त्याने मान खाली घालून रंग निवडायचा होता. न्यायाने बोलायचे, तर समेटाचे ओझे या निवडीत अजिबात नाही असे म्हणता येत नाही: लाल वाट धरली तर गेथही मरतील असे कॅटलिस्ट सांगतो, आणि ज्याने त्यांना वाचवले त्याच्या हाताला तिथे कंप सुटतो. पण हे ओझे खेळाडूने स्वतः आत आणलेले आहे. गेमने ते उचलून धरले नाही.

वहीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. जमवलेले सैन्य, वाचवलेल्या जमाती, रॅकनाय, क्रोगन, सारे काही ‘लष्करी बळ’ नावाच्या एका आकड्यात रूपांतरित होत होते. तो आकडा किती भरतो त्यावर तीनपैकी किती वाटा उघड्या राहतील आणि पृथ्वीची किती हानी होईल ते ठरत असे. त्यातही, अनेक खेळाडूंनी मिळून खेळायचा जोडखेळ न खेळल्यास हे बळ निम्मेच धरले जाई. जमातीच्या संहाराचा निर्णय आणि ढिगाऱ्यातून शोधून आणलेली एखादी वस्तू एकाच बेरजेत पडली. बेरजेत माणसे ओळखू येत नाहीत.

त्यानंतरचे दृश्यही घाईचे होते. तिन्ही वाटांनी तीच दृश्ये, फक्त प्रकाशाचा रंग वेगळा. ग्रहमालांना जोडणाऱ्या महाकाय रिले यंत्रणा फुटतात; आणि २०११ मध्ये आलेल्या ‘अरायव्हल’ या जोडभागात तर एक रिले फुटल्याने अख्खी ग्रहमाला, तीन लाख बॅटेरियनांसह, नष्ट झालेली खेळाडूंनी पाहिली होती. म्हणजे आपण आकाशगंगा वाचवली की जाळली, असा प्रश्न त्यांना पडणे गेमच्याच नियमांनुसार रास्त होते. अखेरच्या धावेत शेपर्डच्या सोबत असलेले साथीदार कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय नॉर्मंडी जहाजातून एका अनोळखी ग्रहावर उतरताना दिसतात, आणि गेम संपतो.

दुरुस्ती आणि तिची मर्यादा

‘रिटेक मास इफेक्ट’ या नावाने चाहते एकत्र आले. आजारी मुलांना रुग्णालयांत खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या चाइल्ड्स प्ले या धर्मादाय संस्थेसाठी त्यांनी ८०,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमवली. आपला राग विधायक आहे हे त्यांना दाखवायचे होते. एकाने तर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केली, जे मला अतिरेकी वाटते. २१ मार्च रोजी कंपनीचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी जाहीर पत्र लिहून प्रतिसादाची दखल घेतली, आणि २६ जून २०१२ रोजी ‘एक्स्टेंडेड कट’ ही विस्तारित आवृत्ती विनामूल्य देण्यात आली.

त्या काळात पुष्कळांनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला: वाचकांच्या दबावाखाली कादंबरीचा शेवट बदलायचा का? प्रश्न गंभीर आहे, पण इथे तो पुरता लागू होत नाही. कादंबरीचा वाचक नायकाच्या तोंडी वाक्ये घालत नाही. इथे शेपर्डचे अर्धे चरित्र खेळाडूने घडवलेले होते, आणि तसे घडव असे त्याला कंपनीनेच पाच वर्षे सांगितले होते.

शिवाय विस्तारित आवृत्तीने शेवट बदललाच नाही. तीन वाटा तशाच राहिल्या. भर पडली ती अशी: साथीदार जहाजावर कसे परतले याचे दृश्य आले, रिले फुटून नष्ट होण्याऐवजी दुरुस्त होण्याजोगे मोडलेले दिसले, कॅटलिस्टला प्रश्न विचारता येऊ लागले, आणि अखेरीस क्रोगन, क्वॉरियन व इतरांचे पुढे काय झाले याची चित्रे निवेदनासह आली, जी खेळाडूच्या जुन्या निर्णयांप्रमाणे बदलत. तिन्ही वाटा नाकारण्याची चौथी वाटही मिळाली. ती धरली तर हे युग हरते आणि लियारा या साथीदाराने मागे ठेवलेल्या नोंदींच्या आधारे पुढचे युग जिंकते. या भरीने सर्वांचे समाधान झाले नाही, पण अनेकांचा राग निवळला. मूळ तीन वाटांना तसूभरही नवी फांदी न फुटता हे झाले, यात प्रकरणाचे उत्तर आहे असे मी मानतो.

आपल्याकडच्या दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथा ठरलेली असते, कोण मरणार हे पारावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या रात्री समोरचा नट काय बोलला त्यावर पुढचे बोलणे उभे राहते. एकाने टाकलेला प्रश्न दुसऱ्याने ऐकलाच नाही असे वागायचे ठरवले, तर प्रेक्षक लगेच अस्वस्थ होतो. राक्षस शेवटी मरतो म्हणून कुणी अस्वस्थ होत नाही. ‘मास इफेक्ट ३’च्या खेळाडूला शेवट ठरलेला असण्याचा त्रास नव्हता, रीपरांशी युद्ध ठरलेले होते, मॉर्डिनचे जाणे जवळपास ठरलेले होते. समोरच्याने आपले बोलणे ऐकले नाही, हा त्याचा त्रास होता. त्याच वर्षी एप्रिलपासून भागाभागांनी आलेल्या टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये निर्णयांनी कथेची दिशा फारच थोडी बदलत असे, पण अमुक पात्र हे लक्षात ठेवील अशी ओळ पडद्यावर उमटत असे आणि पुष्कळ खेळाडूंना तेवढे पुरत असे.

गेम बनवणाऱ्यांपुढची अडचण यामुळे सोपी होते असे नाही. शेकडो नोंदी शेवटच्या प्रसंगात वाचून दाखवायच्या, तर संवादांची संख्या वाढते, चाचणी वाढते आणि वेळ वाढतो. पण १,०२४ कथा लिहिण्याच्या तुलनेत, सर्वांत महत्त्वाच्या चार-पाच कृतींचा शेवटच्या संवादात उल्लेख येऊ देणे हे काम आवाक्यातले आहे. रॅनॉकच्या समेटासाठी दोन वाक्ये पुरली असती, असे मला आजही वाटते.

मार्च २०१३ मध्ये ‘सिटाडेल’ हा शेवटचा जोडभाग आला. कथाक्रमात तो शेवटाच्या आधी बसतो आणि युद्धाचे काहीही बदलत नाही. त्यात शेपर्ड आपल्या नव्या घरी मेजवानी ठेवतो, आणि पाहुणे कोण येतील हे तीन भागांतल्या निर्णयांवर ठरते. रेक्स व्हर्मायरच्या किनाऱ्यावर गेला असेल तर तो येत नाही. जिवंत असेल तर दिवाणखान्यात उभा राहून मोठ्याने हसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून गोदीत उभ्या असलेल्या नॉर्मंडीकडे पाहतात. मी ओळखतो त्यांपैकी बरेच जण आता मालिका पुन्हा खेळताना हा भाग मुद्दाम अगदी शेवटच्या मोहिमेच्या तोंडावर खेळतात, आणि काही जण तर त्या गोदीवरच गेम बंद करतात.